12.48 व्होल्ट म्हणजे किती टक्के?

फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की त्यात एक विषय हमखास असतो: लेड-अ‍ॅसिड बॅटरी मॉनिटरिंग सिस्टिम. एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), व्होल्टेजसाठी दोन रेझिस्टर, करंटसाठी तपकीर गल्लीतून आणलेला एसीएस 712 सेन्सर, आणि मोबाइलवर बॅटरीचं हिरवं चित्र. चित्राखाली टक्के. मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलची प्रयोगशाळा सहाय्यक आहे. बॅटरी रूमची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे हे सगळे ग्रुप फिरून फिरून माझ्याकडेच येतात, आणि त्या टक्क्यांवरून आमचं दर वर्षी वाजतं.

टक्के काढतात कसे? इंटरनेटवर एक तक्ता मिळतो. 12.7 व्होल्ट म्हणजे शंभर टक्के, 12.4 म्हणजे पंचाहत्तर, 12.2 म्हणजे पन्नास. तक्ता खोटा नाही, पण तो थंड देशांतल्या गाडीच्या बॅटरीचा आहे. तिथे पूर्ण चार्ज झालेल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत ते किती जड, तो आकडा) 1.265 ते 1.280 असते. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर (नळ्यांच्या पॉझिटिव्ह प्लेटांच्या) बॅटरीत ती साधारण 1.240 ठेवतात, कारण गरम हवेत कडक अ‍ॅसिड पॉझिटिव्ह प्लेटचं शिसं लवकर खातं. आता एक सोपा हिशेब. बॅटरी निवांत असताना सेलचा व्होल्टेज म्हणजे ढोबळमानाने ग्रॅव्हिटी अधिक 0.84. 1.240 ला 2.08 येतात, सहा सेलचे 12.48. म्हणजे काठोकाठ भरलेली आपली बॅटरी त्या तक्त्यानुसार जेमतेम ऐंशी टक्के! मग मुलांचा प्रोग्रॅम तिला ‘अजून भरायचीय’ म्हणून चार्जिंगवरच ठेवतो, पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि रिपोर्टमध्ये मात्र ‘बॅटरीचं आयुष्य वाढवणारी स्मार्ट सिस्टिम’ असं छापलेलं असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मुलांनी मेहनत खरी घेतलेली असते.

शिवाय हे 12.48 मिळतात ते बॅटरी काही तास मोकळी ठेवल्यावर. चार्जर नुकताच काढला असेल तर मीटर 13 च्याही वर दाखवतो, पंखे-दिवे चालू असतील तर पार खाली. सबमिशन तोंडावर आलेलं असताना बॅटरी नुसती ठेवून द्या म्हटलं की मुलांचे चेहरे उतरतात, पण त्याला इलाज नाही.

यंदाच्या एका ग्रुपबद्दल लिहायचं म्हणून ही पोस्ट. त्यांनी एक जुनी 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमतेचं माप) ट्यूब्युलर आणली होती. रात्रभर मोकळी ठेवून सकाळी मीटर लावला, 12.24 व्होल्ट. अ‍ॅप म्हणालं, निम्म्याहून जास्त शिल्लक. ग्रुपमधली एक मुलगी, मूळची नांदेडची, जरा खोदून विचारणारी. ती म्हणाली, “मॅडम, निम्मी आहे तर मग दोन पंख्यांवर अर्ध्या तासात का बसते?”

मी तिच्या हातात हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची काचेची नळी, दिला. आधी गॉगल आणि हातमोजे, बाजूला खायच्या सोड्याचं पाणी, खिडकी उघडी, जवळपास ठिणगी पडेल असं काही नाही. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की पेट घ्यायला पुरतो, त्यामुळे या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. मग एकेक झाकण उघडायचं, रबरी फुगा दाबून नळी आत सोडायची, फुगा हळूच सोडायचा. काचेच्या नळीत अ‍ॅसिड चढतं, तरंगणारा फ्लोट आधी भिंतीला चिकटतो, मग टिचकी मारली की सुटून डोलायला लागतो. तो थांबेपर्यंत थांबायचं आणि डोळा पातळीला आणून आकडा वाचायचा. पहिला सेल 1.210. दुसरा 1.210. तिसराही तोच. चौथ्यात फ्लोट बुडालाच, 1.150. पाचवा, सहावा पुन्हा 1.210.

तिने तिथेच वहीत बेरीज केली. 2.05 चे पाच, म्हणजे 10.25, आणि एक 1.99. झाले 12.24. बेरीज बरोबर, बॅटरी आजारी. पाच चांगल्या सेलच्या आड एक दुबळा सेल लपला होता. लोड लावला की सगळ्यात आधी तोच रिकामा होतो. बाकीचे पाच 1.96 वर असताना हा 1.0 वर आला तरी बेरीज 10.8 च दिसते आणि इन्व्हर्टर बिनधास्त चालू राहतो. त्यापुढे ओढत राहिलं तर बाकीचे सेल याला उलटं चार्ज करायला लागतात आणि तो कायमचा जातो. 12 व्होल्टच्या बॅटरीत सेलमधल्या जोडपट्ट्या झाकलेल्या असतात, त्यामुळे एकेका सेलवर मीटर लावता येत नाही. पण सहा झाकणं तर आहेत! म्हणून मी हायड्रोमीटरवर इतकी अडून बसते.

हायड्रोमीटरही समजून वापरायला हवा. आपल्याकडे ग्रॅव्हिटी 27 अंशांना धरतात. त्याहून जितकं गरम, तितके अंश गुणिले 0.0007 मिळवायचे. एप्रिलच्या दुपारी अ‍ॅसिड 40 अंशांवर असेल तर नऊ पॉइंटचा (0.009) फरक पडतो. पाणी घातल्याघातल्या घेतलेलं रीडिंग फुकट, कारण पाणी वरच तरंगत असतं.

करंट मोजून हिशेब ठेवू म्हणणारेही असतात. आत किती गेलं, बाहेर किती आलं, वजाबाकी. विचार चांगला आहे. पण त्या स्वस्त सेन्सरचा शून्य थोडा सरकतोच. समजा फक्त 0.1 अँपिअरने सरकला. दिवसाला 2.4 एएच, महिन्याला 72. दीडशेच्या बॅटरीतला जवळजवळ निम्मा हिशेब हवेत! शिवाय जेवढं काढलं तेवढंच भरून भागत नाही, गॅसिंगमध्ये (पाण्याचा गॅस होण्यात) जाणारं धरून वर दहा-पंधरा टक्के जास्त द्यावं लागतं. म्हणून बॅटरी खरोखर पूर्ण भरली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. आणि ‘पूर्ण भरली’ हे ठरवायचं कसं, तर फिरून ग्रॅव्हिटीच: तासातासाने घेतलेली रीडिंग वाढायची थांबली की भरली.

क्षमतेचा आकडाही असाच अटी घालून येतो. जास्त करंटने ओढलं तर बॅटरी कमी देते हे जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्टने 1897 सालीच सूत्रात मांडून ठेवलं आहे. दहा तासांत 150 एएच देणारी ट्यूब्युलर एका तासात रिकामी करायला गेलात तर साधारण निम्मंच हाती लागतं. ‘कंपनीने फसवलं’ म्हणण्याआधी तेवढं बघावं.

आता चार्जिंग, कारण पुण्यातल्या घरांत बॅटऱ्या जातात त्या बहुतेक इथेच. आपल्याकडे लाइट फारशी जात नाही. गुरुवारी देखभालीसाठी गेली तर गेली. त्यामुळे इन्व्हर्टरची बॅटरी आठवडेच्या आठवडे 13.6-13.8 व्होल्टच्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली टिकवायच्या हलक्या चार्जिंगवर, पडून असते. तेवढ्यावर अ‍ॅसिड बुडबुडत नाही. जड अ‍ॅसिड तळाशी, पातळ वर, असे थर बसतात, आणि तळाकडे प्लेटांवरचं सल्फेट (डिस्चार्ज होताना बसणारा थर) घट्ट होत जातं. सेल 2.4 व्होल्टच्या पुढे, म्हणजे बॅटरी 14.4 च्या वर गेली की गॅस सुटतो आणि अ‍ॅसिड ढवळलं जातं. अधूनमधून असं इक्वलायझिंग द्यायलाच हवं. माझा आग्रह असा की महिन्यातून एकदा मुद्दाम मेन बंद करून घर बॅटरीवर चालवा, मग पूर्ण चार्ज करा.

तापमानाचंही भान ठेवायला हवं. अंश वाढला की सेलमागे साधारण 4 मिलिव्होल्ट कमी द्यायचे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत डिसेंबरच्या पहाटे 10 आणि मे महिन्यात 40 अंश असतील तर सहा सेलचा फरक पाऊण व्होल्टाच्या आसपास जातो. त्यामुळे उन्हाळ्याला बरोबर असलेलं सेटिंग थंडीत बॅटरीला अर्धपोटी ठेवतं. बॅटरीला चिकटवायचा तापमानाचा सेन्सर काही महाग नसतो, तरी तो विकत घ्यायला मुलं सगळ्यात शेवटी तयार होतात.

त्या ग्रुपने मग अ‍ॅपवरचे टक्के काढून टाकले. त्याऐवजी सहा सेलची ग्रॅव्हिटी हाताने भरायची सोय केली, शेजारी तापमान, आणि दुरुस्त केलेला आकडा आपोआप. चौथ्या सेलला वाचवायचा प्रयत्न म्हणून कमी करंटवर लांबलचक इक्वलायझिंग दिलं, अ‍ॅसिड तापतंय का ते मध्ये मध्ये हात लावून नव्हे, थर्मामीटरने बघत. बाकीचे पाच 1.240 ला आले. चौथा 1.195 पर्यंत चढला आणि तिथेच अडला. दुसऱ्या दिवशीही तोच आकडा. 10.8 व्होल्टपर्यंत डिस्चार्ज टेस्ट घेतली, आधीपेक्षा बरीच सुधारली, तरी नव्याची सर नाही.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, 1859 साली प्लांतेने शोधलेली बॅटरी, हिच्यात अजून संशोधन काय करणार, लिथियम का नाही घेतलं? त्या मुलीने सहा सेलचा आलेख पुढे ठेवला आणि चौथ्या रेषेवर बोट ठेवून सांगितलं, “सर, ही रेषा इथे का अडली, सल्फेट उरलंय की आतून शॉर्ट आहे, ते शोधायचंय.” ती बॅटरी मी भंगारात दिलेली नाही. पुढच्या बॅचसाठी ठेवली आहे, चौथ्या झाकणावर लाल खूण करून आणि सगळी रीडिंग वहीत लिहून.