पदावनती का घेतलीत, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात विचारलंत, एसटीत विचारलंत, आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तर चहा हातात यायच्या आत. "मिळालेलं मुख्याध्यापकपद कुणी सोडतं का?" काहींनी माझ्याऐवजी नवऱ्याला विचारलं. ते जास्त लागलं.

आजवर मी 'ऑनलाइन कामाला कंटाळले' असंच सांगत आले. यू-डायसवर शाळेची माहिती, मुलांचे आधार, शिक्षकपदांची संचमान्यता म्हटलं की सगळ्यांच्या माना डोलतात. पण माहिती भरण्यात मी कधीच मागे नव्हते. केंद्रात विचारा.

पहाटे तीनला जाग यायची आणि डोक्यात शाळेच्या खिचडीचा तांदूळ सुरू व्हायचा. पहिली ते पाचवी १२४ मुलं, १०० ग्रॅमनं १२ किलो ४००. सहावी-सातवी ५८, १५० ग्रॅमनं ८ किलो ७००. एकूण २१ किलो १००. बरोबर आलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

खिचडी वाढायच्या आधी चाखायची आणि चव नोंदवहीत सही करायची, हे तुम्हालाही माहीत आहे. त्या पावसाळ्यात मला चवच लागेना. ना ताप, ना सर्दी. घास गिळायचे आणि 'चव चांगली' लिहायचे. एका मंगळवारी तसंच लिहून ऑफिसात आले. दहा मिनिटांत दुसरीतला एक पोरगा ताट घेऊन दारात. "बाई, लई खारट हाय." मी म्हटलं, "खा गुपचूप." तो हलेना. त्याच्या मागे आणखी चार ताटं. मावशी धावत आल्या, मीठ दोनदा पडलं म्हणाल्या. मग रडवेल्या होऊन, "पण बाई, तुम्ही तर चाखली होती." मी त्या पोराच्याच ताटातला घास घेतला, सगळ्यांसमोर. ओलं आणि गरम, एवढंच कळलं. "ठीक तर आहे," म्हणाले. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ताटं गोळा केली.

बिस्किटांचे पुडे आणून वेळ मारून नेली. कुणी तक्रार केली नाही. मीठच तर होतं. पण मीठच होतं, हे माझं नशीब. माझ्या सहीच्या भरवशावर १८२ ताटं वाढली जात होती.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून डॉक्टर जिल्ह्याच्या गावी गाठले. नैराश्य म्हणाले, गोळ्या दिल्या. ग्रुपवर मी 'मणक्याचा त्रास' असं टाकलं. डॉक्टरांनी नॉर्वेचे पंतप्रधान बोंडेव्हिक यांचं सांगितलं: १९९८ मध्ये नैराश्य आहे असं जाहीर सांगून रजेवर गेले, तीन-साडेतीन आठवड्यांत परत आले आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. मी म्हटलं, डॉक्टर, त्यांचा चार्ज घ्यायला माणूस होतं. आमच्याकडे प्रभारी म्हणजे आधीच दोन वर्ग सांभाळणारा. हे उत्तर मला फार आवडलं होतं. खरं तर आमचे एक सर तयार झाले असते. मी विचारलंच नाही. रजा संपवून परत येईन आणि पुन्हा तीच वही समोर येईल, याची भीती होती. म्हणून थेट पदावनतीचाच अर्ज दिला.

आणि शेजारच्या केंद्रातल्या एका गुरुजींनी असाच अर्ज दिला होता, तेव्हा "झेपत नव्हतं तर घेतलं कशाला?" म्हणणारी मीच. त्या बाईला आजही मला उत्तर देता येत नाही. कधी वाटतं, तिचंच बरोबर होतं. गोळ्या चालू असल्या की कमी वाटतं.

आता तिसरीचा वर्ग आहे. परवा नव्या सरांनी खिचडी चाखायला बोलावलं. मीठ जरा कमी होतं, तसं सांगितलं. सही मात्र त्यांनाच करायला लावली.