लेकराच्या दाढा, गॅस आणि भूल : माझा अनुभव

पोरगी साडेचार वर्षांची, वजन १५ किलो. सहा दाढा किडलेल्या, त्यातल्या दोन मुळापर्यंत, एकीच्या हिरडीवर पुटकुळी. अंबाजोगाईहून लातूर, एसटीनं दीड तास. खुर्ची दिसली की तोंड घट्ट मिटायचं आणि दवाखाना डोक्यावर घ्यायचा. मी औषधांच्या दुकानात बसतो, त्यामुळं औषधांची नावं नवीन नव्हती. पण दातांच्या खुर्चीत ती कशी वापरतात आणि कुठं फसतात, हे यातून जाताना कळलं. तेवढंच लिहितो.

आपल्याकडं सगळ्यालाच 'झोपेचं इंजेक्शन' म्हणतात. प्रत्यक्षात गोष्टी तीन आहेत. नाकातून घ्यायचा गॅस, यात लेकरू जागंच असतं. तोंडातून किंवा नाकात द्यायचं गुंगीचं औषध, यात ते पेंगतं पण हाकेला ओ देतं. आणि पूर्ण भूल, यात त्याला काहीच कळत नाही, श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञाची. लेकरू किती मोठ्यानं रडतं यावर यातलं काय द्यायचं ते ठरत नाही. काम किती आहे, नाक-घसा कसा आहे, वय-वजन किती, आणि गावाहून किती खेपा जमतील, यावर ठरतं. शेवटचा मुद्दा पुस्तकात कमी सापडेल, पण तालुक्याच्या माणसाला तो आधी दिसतो.

त्याआधी एक विचारून घ्या : गुंगीशिवाय भागतं का? कीड वरवरची असेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावतात. एक-दोन थेंब, ना सुई ना मशीन. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. दुसरं, हॉल पद्धत. दाढ न कोरता, सुई न देता तिच्यावर स्टीलची टोपी दाबून बसवायची. आमच्या दोन दाढा अशाच झाल्या. मात्र कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली, रात्री ठणका लागला, पुटकुळी आली, की हे दोन्ही उपाय संपले. 'दुधाचे दात, पडायचेच की' हे घरोघरी ऐकू येतं. मागच्या दुधाच्या दाढा पडतात दहा ते बारा वर्षांच्या वयात. साडेचार वर्षांच्या पोरीला अजून सहा-सात वर्षं त्यांवरच भाकरी चावायचीय.

उरलेल्या चार दाढांसाठी दातांच्या डॉक्टर मॅडमनी आधी गॅस सुचवला. नायट्रस ऑक्साइड, सोबत ऑक्सिजन. आपल्याकडं नायट्रसचा सिलिंडर निळा असतो, ऑक्सिजनचा काळा आणि खांद्यावर पांढरा. दातांच्या कामात हा गॅस १८४४ पासून आहे, म्हणजे नवं खूळ नाही. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं नुसता ऑक्सिजन. मग नायट्रस पाच-दहा टक्क्यांच्या टप्प्यानं वाढवतात. बहुतेक लेकरं ३० ते ४० टक्क्यांवर सैल पडतात, ५० च्या वर सहसा नेत नाहीत. ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच नये अशी सोय चांगल्या मशीनमध्ये असते. लागू पडला हे कसं ओळखायचं? हातांकडं बघा. खुर्चीचा दांडा धरलेली मूठ आपोआप उघडते, खांदे खाली येतात, नजर एका जागी थांबते. 'पायाला मुंग्या आल्या का गं?' विचारलं की मान हलते. काम झाल्यावर पुन्हा पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन. तो टाळला तर अंगातून बाहेर पडणारा नायट्रस फुप्फुसात ऑक्सिजनची जागा घेतो, डोकं दुखतं, मळमळतं. पाच मिनिटं झाल्यावर लेकरू आपल्या पायांनी बाहेर येतं.

गॅसनं दात बधिर होत नाही. सुई द्यावीच लागते, फक्त तिची भीती उरत नाही. इथं वजनाचा हिशेब येतो. लिग्नोकेनची (बधिर करायच्या औषधाची) कमाल मात्रा किलोला ४.४ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोला ६६ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात मिलीला २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे सगळं मिळून ३.३ मिली. तेवढ्यात चारही कोपऱ्यांच्या दाढा एका बैठकीत होत नाहीत. गॅसवर काम म्हणजे खेपा आल्याच.

आणि गॅस लागू पडायला लेकरानं नाकानं श्वास घ्यावा लागतो. लोकांची इथंच गल्लत होते. हंबरडा फोडणारं लेकरू तोंडानं श्वास घेतं, मास्क नाकावर नुसता बसून राहतो आणि गॅस खोलीत जातो. म्हणून अगदीच न ऐकणाऱ्या पोराला गॅस उपयोगाचा नाही, थोडं तरी ऐकणाऱ्यालाच चालतो. आम्ही आठवडाभर घरी सराव केला. आमटीची छोटी वाटी नाकावर उपडी धरायची, तोंड आ, श्वास नाकानं, आणि वीसपर्यंत आकडे मी मोजायचे. दवाखान्यात मास्कला 'हत्तीची सोंड' म्हणत, आम्ही घरीही तेच नाव ठेवलं. ज्या पोरांना दम्यासाठी जबरदस्तीनं नेब्युलायझर लावलेला असतो, ती मास्क दिसताच बिथरतात. त्यांना मास्क आधी एक दिवस हातात खेळायला द्यावा.

पहिली बैठक नीट झाली, एक दाढ झाली. दुसरी फसली, आणि दोष आमचा. पोरीला दोन दिवसांची सर्दी होती, आम्ही ती 'साधीच आहे' म्हणून सांगितली नाही. निघताना आजीनं 'लेकरू उपाशी कशाला' म्हणून बशीभर सुशीला (मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि वर पेलाभर दूध दिलं. नाक चोंदलेलं, त्यामुळं गॅस पुरेसा जाईना. टक्के वाढवले तशी उलटी झाली. गॅसआधी दोन तास पोट हलकं ठेवायचं आणि सर्दी असेल तर घरूनच फोन करून तारीख बदलायची, एवढं साधं होतं. कान फुटलेला असेल, कानाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर तेही आधी सांगायचं. आणखी एक, कुणी विचारत नाही म्हणून : आई गरोदर असेल, विशेषतः पहिले तीन महिने, तर तिनं गॅसच्या खोलीत थांबू नये. बापानं, नाहीतर मावशीनं थांबावं.

मग गुंगीचं औषध. बहुधा मिडाझोलम. तोंडातून किलोला साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या पोरीला साडेसात. पंधरा ते तीस मिनिटांत चढतं, कामाला पाऊण तास मिळतो. चव कडूजहर, म्हणून सरबतात मिसळतात. दुकानदार म्हणून मला यातली धोक्याची जागा लगेच दिसते. इंजेक्शनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात, मिलीला १ मिलिग्रॅम आणि मिलीला ५ मिलिग्रॅम. साडेसात मिलिग्रॅम म्हणजे एकीतून साडेसात मिली, दुसरीतून दीड. लेबल न वाचता ओढलं तर पाचपट चूक. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत येतं, दुकानात त्याची वेगळी नोंदवही तीन वर्षं जपावी लागते.

गॅस चावी फिरवून कमी करता येतो. पोटात गेलेलं औषध परत काढता येत नाही. लेकरानं निम्मं थुंकलं तर किती गेलं ते कळत नाही, आणि अंदाजानं पुन्हा पाजायचं नसतं. काही पोरं झोपायच्या ऐवजी उलट चिडतात, ओरडतात, चावतात. तो उलटा परिणाम असतो, त्यावर आणखी डोस हा उपाय नव्हे. उतारा आहे, फ्लुमाझेनिल, पण त्याचा असर लवकर ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते. म्हणून उतारा दिल्यावरही पोराला थांबवूनच ठेवतात. नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा झोंबतो. डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं दुसरं औषध झोंबत नाही, पण चढायला अर्धा-पाऊण तास घेतं.

आमचं गाडं इथंच अडलं. मॅडमनी बॅटरीनं घसा बघितला, टॉन्सिल मोठे. 'रात्री घोरते का?' घोरते. मग क्लिनिकमध्ये गुंगी नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. गुंगीत घशाचे स्नायू सैल पडतात, मोठ्या टॉन्सिलनी वाट अडते, त्यात दातांच्या कामात तोंडात पाणी साचतं. मला हे 'नाही' फार पटलं. जिथं कुणी घसा न बघता, वजन न करता बाटली काढतं, तिथून उठावं. विचारायचा प्रश्न एकच : दात करताना लेकराच्या श्वासाकडं कोण बघणार? दात करणारा आणि श्वास बघणारा माणूस वेगळा हवा. बोटाला पल्स ऑक्सिमीटर, हाताशी ऑक्सिजन, लहान मापाची अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी).

आणि हात जोडून सांगतो, घरून काही पाजून नेऊ नका. काउंटरवर येऊन लोक ट्रायक्लोफॉस या झोपेच्या औषधाची बाटली मागतात, 'इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) वेळी दिलं होतं, दातासाठी पण द्या'. चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं. असर लांबतो, उतारा नाही, आणि पेंगलेलं लेकरू गाडीवर दोघांच्या मधे बसवून आणायचं, मान पुढं पडली की श्वास अडला. चाळीस किलोमीटर तसं आणलेलं पोर मी बघितलंय.

उरली पूर्ण भूल. तीन दाढा शिल्लक, दोघींची नस काढायची, एक उपटायची, घसा अवघड. क्लिनिकऐवजी ऑपरेशन थिएटर असलेल्या रुग्णालयात, भूलतज्ज्ञ समोर, एकाच दिवसात सगळं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिलाय की तीन वर्षांखालच्या मुलांत तीन तासांपेक्षा लांब किंवा वारंवार भूल मेंदूच्या वाढीला बाधक ठरू शकते. म्हणून अगदी लहान पोरांना जमेल तितकं सिल्व्हरवर थोपवून ठेवतात. आमची पोरगी तीनच्या पुढची, आणि काम दोन-सव्वादोन तासांचं.

भुलीआधीची तपासणी टाळू नका. रक्त तपासलं, छाती ऐकली, तोंड किती उघडतं ते बघितलं. आपण सांगायच्या गोष्टी : हलणारा दात (श्वासाची नळी घालताना निखळून श्वासनलिकेत जाऊ शकतो), तापात आलेली फिट, दमा, सिकलसेल, आणि नात्यात कुणाला भुलीनंतर जाग यायला फार वेळ लागला होता का. सर्दी-खोकला झाला की दोन ते चार आठवडे पुढं ढकलतात. आमची तारीख एकदा पुढं गेली.

उपाशी ठेवण्याचा हिशेब लिहून दाराला चिकटवा. जड, तेलकट जेवण आठ तास आधी बंद. हलकं खाणं आणि गाई-म्हशीचं दूध सहा तास. अंगावरचं दूध चार तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि ते द्यावं, नाहीतर पोर सुकतं. चहा 'पाणीच की' नाही, त्यात दूध आहे, सहा तासांत धरायचा. आमचा नंबर सकाळी आठचा, म्हणजे दूध रात्री दोनला बंद, पाणी सहाला. पहिला नंबर मागून घ्या, लेकराला जागेपणी कमी वेळ उपाशी राहावं लागतं. बसस्टँडवर 'एक बिस्कीट खाल्लं तर काय होतंय' म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. भुलीत घशाची राखण सुटते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं, हे होतं. एक बिस्कीट खाल्लं तर ऑपरेशन रद्द, आणि डॉक्टरांशी खोटं बोललात तर त्याहून वाईट. आदल्या रात्री फ्रॉकचा खिसाही चाचपा. नेलपॉलिश पुसा, ऑक्सिमीटर चुकतो. चांदीचा करदोडा, पैंजण, गळ्यातलं सगळं घरी.

आत आधी मास्कनं झोपवतात, सुई झोप लागल्यावर. नळी तोंडातून नाही, नाकातून घालतात, म्हणजे तोंड कामाला मोकळं. घशात पाणी-रक्त उतरू नये म्हणून ओली पट्टी ठेवतात, ती शेवटी आठवणीनं मोजून काढतात. बाहेर आलेलं लेकरू वीस मिनिटं वेड्यासारखं रडतं, आईला ओळखत नाही, हात झटकतं. शाळेत न गेलेल्या वयात हे जास्त दिसतं. दुखतं म्हणून नव्हे, जाग अर्धीच असते म्हणून. उजेड कमी करा, एकानंच बोला, कडेवर घ्या. नाकातून थोडं रक्त आणि घसा बसणं नळीमुळं. आधी घोटभर पाणी, टिकलं तर पेज. परतीला चारचाकी, आणि चालवणाऱ्याखेरीज एक माणूस फक्त लेकराची मान सरळ धरायला.

दुखण्याला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, १५ किलोला २२५, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. सिरप ५ मिलीत २५० चं असेल तर साडेचार मिली, १२५ चं असेल तर नऊ. बाटली बघूनच मोजा. ओठ दोन-तीन तास बधिर असतो आणि लेकरं तो चघळून सुजवून घेतात. तोवर गरम आणि चावायचं काही देऊ नका, बोटात ओला रुमाल धरायला द्या. स्टीलच्या टोपीला चिक्की आणि राजगिऱ्याच्या वड्या चालत नाहीत. टोपी निघालीच तर धुऊन डबीत ठेवायची आणि त्याच आठवड्यात घेऊन जायचं, बहुतेक वेळा तीच पुन्हा बसते.