सुरमईची शेपटी आणि माझे तीन कूलर

पुण्याचा मामेभाऊ दर वर्षी दिवाळी झाली की फोन करतो, दादा डिसेंबरात येतोय गरवायला (म्हणजे गरी, गळ टाकून मासे पकडायला), या वेळी स्वतःचा कूलर, म्हणजे बर्फात मासे ठेवायचा डबा, घेऊन येतो, कुठला घेऊ सांग. आणि मग रात्रभर व्हॉट्सअॅपवर लिंका. एकापेक्षा एक चकाचक डबे, एकावर तर लिहिलेलं की अस्वलालासुद्धा उघडता येत नाही. आता मालवणात अस्वल कुठून आणू, आमच्याकडे विचारल्याशिवाय कूलर उघडणारा प्राणी एकच, तो म्हणजे दर पाच मिनिटांनी थंडा, म्हणजे कोल्ड्रिंक, आहे का बघणारा हाच मामेभाऊ. तर त्याला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी त्यालाच लिंक पाठवीन.

माझं आत्तापर्यंत तीन कूलरवर काम झालंय. पहिला थर्माकोलचा, म्हणजे मासळीबाजारात बायका वापरतात तसला पांढरा डबा. दुसरा निळा, मॉलमधून हौसेने आणलेला, सव्वीस लिटरचा. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांचा दोष कमी आणि माझ्या अकलेचा जास्त होता. तिसरा आत्ताचा, जाडजूड, पांढरा, दिसायला एकदम गावठी.

निळ्याची गोष्ट आधी. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत देवबागच्या खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो, पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, फायबरची होडी, आम्ही तिघं आणि होडी चालवणारे तांडेलकाका. साडेनऊच्या सुमारास सुरमई लागली. मोठी म्हणजे रेकॉर्डबिकॉर्ड नाही, पण अडीच फूट सहज, माझ्या गरीला लागलेली तोवरची सगळ्यात मोठी. फोटोबिटो झाले आणि मग कळलं की ही ठेवायची कुठे. कूलर आतून मोजून सव्वा फूट. तिरकी घातली, उभी घातली, डोकं खाली शेपूट वर, काही केल्या झाकण लागेना. काका सुकाणूवरून शांतपणे बघत होते, मग म्हणाले, "ह्येच्यात सुरमय मावाची नाय रे, ह्यो पेप्सीचो डबो." शेवटी शेपटी बाहेर ठेवून झाकणावर दोरी बांधली. चार बोटांची फट. त्यातून उन्हाची झळ सरळ आत, जेट्टीला लागलो तेव्हा एक वाजला होता आणि बर्फाच्या जागी गुलाबी कोमट पाण्यात मासा तरंगत होता.

घरी आईने कल्ला उचलला, वास घेतला, बोटाने पोटाजवळ दाबलं, खड्डा पडला तो तसाच राहिला. "माजरांक घाल." बस, एवढंच. मी म्हटलं अगं तळल्यावर काही होत नाही, तर तिने जे बघितलं माझ्याकडे.

आणि ती बरोबरच होती हे नंतर वाचल्यावर कळलं. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) ही एका खानदानातली मासळी, हिच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो, मासा उन्हात राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात, आणि हे हिस्टामिन एकदा तयार झालं की उकडा, तळा, फ्रीजरमध्ये ठेवा, जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात मला माशाची अॅलर्जी झाली. कसली अॅलर्जी, मासा गरम झालेला असतो. उपाय एकच, पकडल्या पकडल्या गार करणे आणि चार अंशांच्या खाली ठेवणे. म्हणजे मासेमारीचा कूलर हा थंडा ठेवायचा डबा नाहीच, ते मासळीचं भांडं आहे, आणि घेताना पहिला प्रश्न बर्फ किती दिवस टिकतो हा नाही, माझा नेहमीचा मासा यात आडवा झोपतो का, हा.

म्हणून मामेभावाला मी पहिलं सांगतो, दुकानात जाताना टेप घेऊन जा. लिटर बघू नको. लिटरचा आकडा उंच अरुंद डब्यातही येतो आणि लांब बसक्या डब्यातही येतो, आपल्याला लांब बसका हवा. आतून मोजायचं, बाहेरून नाही, कारण चांगल्या डब्याची भिंतच दीड-दोन इंच असते. खाडीत काळुंदर, बोय, तांबोसा एवढंच करणार असशील तर दीड फूट पुरे झाला. बाहेर जाणार तर आतली लांबी दोन फूट तरी हवी, तेवढ्यात मध्यम सुरमई कोपऱ्याकोपऱ्यात तिरकी बसते, त्याहून मोठी लागली तर शेपटी तोडायची आणि नशिबाचे आभार मानायचे.

दुसरं झाकण. हे कुणी सांगत नाही. स्वस्त कूलरच्या भिंतीत फोम असतो पण झाकण बऱ्याचदा आतून पोकळ असतं, नुसती हवा. टकटक करून बघा, पोकळ नारळासारखा आवाज आला तर ठेवून द्या. होडीत ऊन सगळं वरूनच येतं, मग वरचीच बाजू नागडी ठेवून काय उपयोग. आणि झाकणाला खालून रबर हवं, ते नीट धरतं का बघायला दहा रुपयांची नोट मध्ये घालून झाकण लावायचं आणि नोट ओढायची, सहज सरकली तर तिथून गार हवापण सरकणार. चारही बाजूंनी करून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

मग फोम कुठला. थर्माकोल आणि पफ म्हणजे पॉलियुरेथेन, ढोबळ मानाने तेवढ्याच जाडीत पफ दीडपट उष्णता अडवतो. पण जाडी ही खरी गोष्ट आहे, पातळ पफपेक्षा जाड थर्माकोल बरा. हे मी पडवीत करून बघितलंय, एप्रिलमध्ये, तिन्ही डब्यांत पाच पाच किलो बर्फ, सकाळी सात ते संध्याकाळी सात, मध्ये कुणी उघडायचं नाही. संध्याकाळी पाणी ओतून बर्फ काट्यावर घातला. थर्माकोलमध्ये किलोभर राहिला होता, निळ्यातही तेवढाच, जरा कमीच, आणि जाड पांढऱ्यात अडीच किलोच्या आसपास. म्हणजे मॉलमधला अडीच हजारांचा कूलर आणि बाजारातला तीनशे रुपयांचा थर्माकोल, दोघं भाऊ भाऊ! फरक एवढाच की थर्माकोल एका सीझनमध्ये तुटतो, कोपरे झिजून त्याचे मणी समुद्रात जातात, आणि वास एकदा बसला की बसला.

आता तिसरा, पांढरा. हा मी ऑनलाइन घेतला नाही. बंदराजवळ जाळी, दोरखंड, बोयरे विकणारी दुकानं असतात ना, तिथे मासळीवाल्यांसाठी पफ भरलेले जाड प्लॅस्टिकचे डबे मिळतात, नीलकमल, सुप्रीम वगैरे क्रेट करणाऱ्या कंपन्या हे करतात, लोकलपण असतात. मला सत्तर लिटरचा पाच हजारांच्या आत पडला. कप होल्डर नाही, बाटली उघडायचा ओपनर नाही, चाकं नाहीत. चाकांचं तर नावच काढू नका, तारकर्लीच्या रेतीत कूलरची चाकं ओढून दाखवा मला, नांगर धरल्यासारखी चर पडते. आपल्याला दोन बाजूंना दोन जणांनी धरता येईल असे दोरीचे कान हवेत, कारण भरलेला डबा पस्तीस किलोच्या वर जातो आणि गुडघाभर पाण्यातून होडीपर्यंत न्यायचा असतो.

लोखंडी काही नको. निळ्याच्या बिजागरीची पिन पहिल्या पावसाळ्यातच गंजून फुगली होती आणि कडी ऑक्टोबरात हातात आली. खारं पाणी साध्या स्टीललासुद्धा सोडत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकची जाड बिजागरी किंवा मग नुसतं उचलून ठेवायचं झाकण आणि वरून रबरी पट्टा, उत्तम. खाली पाणी सोडायचं बूच मात्र हवंच, आणि बुचाला दोरी हवी, नाहीतर ते पहिल्याच ट्रिपला समुद्रार्पण. रंग पांढरा. आणि झाकणावर ऐंशी किलोचा माणूस बसला तरी दबायला नको, कारण होडीत कूलर म्हणजे खुर्चीच, तुम्ही नाही बसलात तर दुसरा बसतो.

ते पंचवीस-तीस हजारवाले इंपोर्टेड वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. मित्राकडे एक आहे, मस्तच आहे, बर्फ चार दिवस राहतो. पण आपण सकाळी पाचला निघतो, दुपारी एकला घरी. चार दिवस टिकलेला बर्फ घेऊन करायचं काय, खोबऱ्याची बर्फी? त्या डब्यांचा हिशोब जंगलात आठवडाभर तंबू ठोकणाऱ्यांचा आहे. आपला हिशोब आठ तासांचा. तांडेलकाकांच्या दाराशी तर मेलेल्या फ्रीजची बॉडी आडवी टाकलेली आहे, कॉम्प्रेसर काढून, त्यात बर्फाची लादी ठेवतात गोणपाटात गुंडाळून, खर्च शून्य. अर्थात ती होडीत नेता येत नाही हा भाग वेगळा.

वाचलेले पैसे बर्फात घाला. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा घ्यायचा आणि थोडा चुरा करून घ्यायचा, दोन्ही. सगळा चुरा नको आणि सगळी लादीपण नको. चुरा माशाला चहूकडून चिकटतो म्हणून पटकन गार करतो, पण तेवढाच पटकन संपतो, लादी निवांत टिकते. १८३३ मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला जहाजाने बर्फ आला होता, चार महिने समुद्रात, १८० टन निघाला आणि शंभरेक टन पोचला, तेव्हा ना पफ ना थर्माकोल. मोठा ढीग स्वतःलाच गार ठेवतो, हे त्यातलं एक गुपित. आमच्या डब्यात तळाला लादीचे दोन तुकडे, वर चुरा, मासा आला की चुऱ्यात पुरायचा, पोटातही चुरा भरायचा. साधारण जेवढा मासा तेवढा बर्फ असा आमच्या हवेतला हिशोब, तिघाचौघांच्या ट्रिपला दहा-पंधरा किलो. कल्ले आणि आतडी होडीतच काढली तर आणखी चांगलं. घाई असेल, बांगड्यांचा थवाच लागला असेल, तर बर्फात थोडं समुद्राचं पाणी ओतून रबडी करायची, त्यात मासा नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होतो.

आणि आता सगळ्यात मोठी चोरी. माझा मामेभाऊ काय करतो, दुकानातून आणलेल्या गरम पाण्याच्या, थंड्याच्या दहा बाटल्या सरळ बर्फात खुपसतो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. दहा लिटर पाणी तीस अंशांवरून शून्यापर्यंत आणायचं तर पावणेचार किलो बर्फ खलास. तेवढ्याच बर्फात मी बारा किलो मासा गार केला असता! म्हणून बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये, दोन फ्रीजरमध्ये दगड करून, आणि त्यांना वेगळा डबा. तो निळा कूलर मी त्यासाठीच ठेवलाय, काकांनी म्हटल्याप्रमाणे पेप्सीचा डबा, त्यात पाणी, थंडा, घावणे, आणि आंब्याचं लोणचं. दिवसभर उघडझाप करायची ती त्याची. पांढऱ्याला मासा आल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि पांढरा कूलरसुद्धा आदल्या रात्री उन्हातून घरात आणायचा, थोडा बर्फ टाकून झोपवायचा, नाहीतर सकाळचा पहिला किलो-दोन किलो बर्फ डब्याच्याच भिंती गार करण्यात जातो. वरून ओलं गोणपाट. दिसायला घाण दिसतं, पण वारा लागला की झाकण हाताला गार लागतं.

आल्यावर बूच काढून गोड्या पाण्याने धुवायचा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने, आणि झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवायचा. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा डबा माळ्यावर जातो, तर झाकणात करवंटी अडकवून ठेवतो, हवा खेळती राहते. पहिल्या वर्षी बंद करून ठेवला होता, नारळी पौर्णिमेला उघडला तर आत हिरवी मखमल. गेल्या वर्षी करवंटी ठेवली तर उंदराने रबर कुरतडलं. दुकानदाराकडे सुटं रबर मीटरवर मिळालं, दोनशे रुपयांत काम झालं, तेव्हा घेताना तेवढं विचारून घ्या, रबर आणि बूच सुटं मिळतं का. मामेभावाच्या त्या अस्वलवाल्या डब्याचं मिळत नाही, मी विचारलंय.