आयकॉन सगळे होते, फोल्डर एकही उघडेना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या त्या आठवड्यातली गोष्ट आहे. आमच्या तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमधून हेडसरांचा फोन आला, "ऑफिसच्या मशीनमधले सगळे दाखले गेलेत, असाल तिथून या." त्या मशिनांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकायचं काम माझं नव्हतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ही जुनी मशिनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपचा पत्ता नाही, म्हणून संस्थेने बाहेरच्या एका पार्टीला एकगठ्ठा काम देऊन सुट्टीत सगळीकडे लिनक्स मिंटची एक्सएफसीई एडिशन, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती, टाकून घेतली होती. निर्णय उत्तम होता, माझं आजही तेच मत आहे, चार जीबी रॅमच्या मशीनवर एक्सएफसीई झकास पळतं. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

ऑफिसात गेलो तर खिडकीबाहेर पालक उभे, आत दहावीचे फॉर्म भरायची घाई, आणि भाऊसाहेब माऊस धरून बसलेले. शाळेतल्या क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात. बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, शालार्थचं पगारबिल, शाळेच्या माहितीचं यू-डायस, पोषण आहाराचा हिशोब, सगळं त्या एका माणसाच्या अंगावर. शाळेला कॉम्प्युटर देतात पण तो सांभाळायला माणूस देत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. स्क्रीनवर त्यांचे सगळे जुने आयकॉन होते, दाखले, जनरल रजिस्टर, सेवापुस्तकं, संच मान्यता, पण प्रत्येक नावाच्या शेवटी "डॉट एलएनके" अशी शेपटी आणि डबल क्लिक केलं की उघडायला प्रोग्रामच नाही असा इंग्रजीतला मेसेज.

पार्टीच्या पोराला फोन लावला तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, डेस्कटॉपचा फुल बॅकअप घेतलाय, एक पण फाइल कमी नाही." आणि ते खरंच होतं. पण एलएनके फाइल म्हणजे विंडोजचा शॉर्टकट, एक-दोन केबीची, तिच्यात फक्त फोल्डर कुठं आहे तेवढं लिहिलेलं असतं. घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी जपून ठेवली म्हणजे घर जपलं असं होत नाही. इतक्या वर्षांची कागदपत्रं आणि सगळा मिळून बॅकअप काही केबीचा, हे बघून तरी शंका यायला हवी होती. याला मी पाट्या टाकणं म्हणतो. मशीनमागे पैसे मिळतात म्हणून मशिनं मोजायची, त्या मशीनवर माणूस नेमकं काय करतो ते बघायचं नाही.

सुदैवाने त्या पोराने फक्त सी ड्राइव्ह पुसला होता. थुनारमध्ये, म्हणजे एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये, डावीकडे एक बिननावाचा व्हॉल्यूम दिसत होता, ज्यावर कुणी क्लिकच केलं नव्हतं. तो जुना डी ड्राइव्ह. क्लिक केल्यावरही माउंट होईना, म्हणजे सिस्टीमला जोडला जाऊन उघडेना, कारण विंडोज नीट बंद न होताच कारभार उरकला होता आणि एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टीमवर, डर्टी फ्लॅग, म्हणजे नीट बंद न झाल्याची खूण, तशीच राहिली होती. इथं लोक लगेच दुरुस्तीची कमांड मारतात. मी आधी फक्त वाचण्यापुरता माउंट केला, सगळा डेटा माझ्या डिस्कवर उतरवून घेतला आणि मगच फ्लॅग काढला. दाखले, रजिस्टरच्या एक्सेल फाइली, पगारबिलं दिसायला लागली तेव्हा हेडसरांचा जीव भांड्यात पडला आणि ते चहा सांगायला गेले. भाऊसाहेब मात्र तसेच बसून होते, कारण डी ड्राइव्हच्या आतल्या फोल्डरांच्या जंगलात त्यांनी कधी पाऊलच टाकलेलं नव्हतं. कधीकाळी कुणीतरी त्यांना शॉर्टकट करून दिले आणि तेव्हापासून त्यांच्यासाठी "दाखले" म्हणजे स्क्रीनवरची ती जागा. डेटा सापडला म्हणजे काम झालं असं माझ्या लाइनीतले बहुतेक लोक समजतात. त्या खुर्चीवरून बघितलं तर काम अजून सुरूच झालं नव्हतं.

मग त्या निरुपयोगी एलएनके फाइलीच कामाला आल्या. कुठला शॉर्टकट कुठल्या फोल्डरचा हे त्यांच्याच पोटात होतं. बायनरी फाइलमधला मजकूर काढायला आपण सहसा स्ट्रिंग्ज ही कमांड वापरतो, पण ते इंग्रजी अक्षरांपुरतंच, देवनागरी नावं त्यातून गळून जातात, आणि इथं तर निम्मी फोल्डरं मराठी नावांची. एलएनकेइन्फो नावाचं छोटं टूल आहे, रिपॉझिटरीत, म्हणजे लिनक्सच्या सॉफ्टवेअरच्या भांडारात, मिळतं, त्याने पाथ, म्हणजे फोल्डरांचे पत्ते, मराठीसकट सरळ वाचून दाखवले. त्यातही मेख होती. काही पाथ जुने होते, फोल्डर नंतर "कार्यालय" नावाच्या फोल्डरात हलवलं गेलं होतं. विंडोज अशा वेळी हलवलेलं फोल्डर स्वतः शोधायचा प्रयत्न करतं आणि शॉर्टकट चालत राहतो, लिनक्समध्ये तसं नाही, पाथ चुकला की लिंक मेली. त्यामुळे एकेक पाथ डोळ्यांनी ताडून बघावा लागला.

आता शॉर्टकट करायचे. थुनारमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून सेंड टू मधून डेस्कटॉप निवडलं की सिमलिंक, म्हणजे फोल्डरकडे नेणारी साधी लिंक, तयार होते, पाच सेकंदाचं काम आहे, मग मी हाताने का लिहीत बसलो असं हेडसरांनीही विचारलं. कारण असं, की सिमलिंकला स्वतःचा आयकॉन देता येत नाही, आणि उद्या ती जुनी डिस्क माउंट झाली नाही तर लिंक तुटलेली दिसणार, त्यावर पुन्हा इंग्रजी मेसेज येणार आणि भाऊसाहेब पुन्हा म्हणणार दाखले गेले. म्हणून प्रत्येक फोल्डरसाठी डॉट डेस्कटॉप फाइल, म्हणजे लिनक्सचा लाँचर, हाताने लिहिली. साधी टेक्स्ट फाइल असते, वर चौकटी कंसात डेस्कटॉप एंट्री, खाली टाइप, नेम, आयकॉन आणि काय चालवायचं ते सांगणारी एक्झेक एवढ्या ओळी. फ्रीडेस्कटॉपचं स्टँडर्ड आहे, जीनोम, केडीई, एक्सएफसीई हे लिनक्सचे सगळे डेस्कटॉप हेच वाचतात. टाइपमध्ये लिंक हा पर्यायही चालतो, पण मला ॲप्लिकेशन हवा होता, कारण तो मेन्यूतही दिसतो आणि त्याला आपली स्क्रिप्ट चालवायला लावता येते. एक्झेकच्या ओळीत थेट थुनार न लिहिता मी चार ओळींची स्क्रिप्ट दिली, ती आधी फोल्डर आहे का बघते, असेल तर उघडते, नसेल तर झेनिटी या छोट्या टूलने मराठीत खिडकी दाखवते की डिस्क जोडलेली नाही, तुमच्या फाइली पुसल्या गेलेल्या नाहीत, मला फोन करा. या स्क्रिप्टचा मला मनापासून अभिमान आहे. डिस्कची कायमची व्यवस्था एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीत, केली, यूयूआयडी हा डिस्कचा ओळख क्रमांक टाकून आणि नोफेल हा पर्याय घालून, म्हणजे डिस्क बिघडली तरी मशीन चालू व्हायचं अडत नाही.

फाइलीचं नाव इंग्रजीत आणि नेमच्या ओळीत मराठी. पाथमध्ये स्पेस असेल तर एक्झेकमध्ये डबल कोट लागतात, नावात टक्क्याचं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, "७५ % हजेरी" नावाच्या फोल्डरने हे तिथल्या तिथे दाखवलं. दाखल्याला लाल फोल्डरचा आयकॉन हवा आणि जनरल रजिस्टरला वहीसारखा, एवढंच भाऊसाहेबांनी मागितलं.

सगळे आयकॉन टाकून डबल क्लिक केलं तर "अनट्रस्टेड ॲप्लिकेशन लाँचर", म्हणजे या लाँचरवर विश्वास नाही, असा इशारा. एक्सएफसीई ४.१८ पासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, नुसती एक्झिक्यूट परमिशन देऊन भागत नाही, फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा, मेटाडेटामध्ये, म्हणजे फाइलीबद्दलच्या नोंदींत, नोंदवलेला लागतो, आणि फाइलीत एक अक्षर बदललं की तो चेकसम बाद. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, डेस्कटॉपवर पडलेली कुठलीही फाइल आपोआप चालता कामा नये. पण हा मेटाडेटा फाइलीत नसतो, युजरच्या होम फोल्डरात वेगळीकडे असतो, म्हणून त्याच फाइली हेडसरांच्या लॉगिनमध्ये टाकल्या की पुन्हा इशारा, आणि पेन ड्राइव्हवरून केबिनमधल्या मशीनवर नेल्या तर फॅट फॉरमॅटमध्ये एक्झिक्यूट परमिशनही गळून पडते. रूटने, म्हणजे ॲडमिनच्या खात्यातून, बाहेरून सेट करू म्हटलं तर तेही होत नाही, त्या युजरचं सेशन चालू असावं लागतं. शेवटी ऑटोस्टार्टमध्ये एक स्क्रिप्ट टाकली, ती लॉगिन झालं की माझ्या ठराविक फाइलींचे चेकसम काढून जीआयओ या कमांडने नोंदवते, बाकी कशाला हात लावत नाही. ज्या माणसाला तो इशारा बघावा लागतो त्याला तो कळेल अशा भाषेत द्यायचं काम कुणीतरी मनावर घ्यायला पाहिजे. भाऊसाहेबांना त्या खिडकीतून एवढंच कळलं की मशीन आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये सेव्ह करताना डेस्कटॉपवरचे हे लाँचर कामाचे नसतात, तिथं डावीकडच्या पट्टीतले बुकमार्क लागतात. ते जीटीके-३ च्या, म्हणजे या खिडक्या काढणाऱ्या लायब्ररीच्या, कॉन्फिगमधल्या बुकमार्क्स नावाच्या फाइलीत असतात, एका ओळीत एक पत्ता आणि पुढे नाव. माऊसने ओढूनही तयार होतात, पण मला तीच यादी प्रत्येक मशीनवर हवी होती म्हणून फाइल लिहूनच काढली. पत्त्यात देवनागरी थेट न लिहिता टक्क्यांच्या कोडमध्ये लिहायची, त्यामुळे "दाखले" एवढ्याशा शब्दाचे युनिकोडचे पाच घटक, त्यांचे पंधरा बाइट आणि फाइलीत पंचेचाळीस अक्षरं होतात. पायथनच्या एका ओळीत रूपांतर होतं.

मग आयकॉनच्या जागांचा प्रश्न आला. विंडोजमध्ये कुठला आयकॉन कुठं होता ही नोंद सी ड्राइव्हबरोबरच गेली होती. मी नावांच्या क्रमाने लावून दिले तर भाऊसाहेब म्हणाले, "तसं नको. मी सांगतो." मी सगळे आयकॉन काढून स्क्रीन मोकळा केला आणि त्यांनी रिकाम्या स्क्रीनवर बोट ठेवायला सुरुवात केली. इथं दाखले. त्याच्या खाली बोनाफाईड. एक जागा सोडून पगारबिलं, कारण मधल्या जागेत चालू महिन्याचं काम असायचं. सेवापुस्तकं उजव्या कोपऱ्यात, "रोज लागत नाहीत, चुकून हात लागू नये." त्यांना एकाही जागेसाठी आठवावं लागलं नाही. मी ऐकत ऐकत रांग आणि स्तंभ वहीवर लिहून घेत होतो. एक्सएफसीई या जागा कॉन्फिगमधल्या एका साध्या फाइलीत ठेवतं, प्रत्येक आयकॉनपुढे रो आणि कॉलम. डेस्कटॉपचा प्रोग्राम बंद करून ती फाइल बदलायची आणि मग परत चालू करायचा, नाहीतर तो जाता जाता आपले आकडे पुसून जुने लिहून ठेवतो. रिझोल्यूशन बदललं की जागा हलतात म्हणून प्रोजेक्टर या मशीनला लावू नका असंही सांगितलं. आयकॉन आले तशी भाऊसाहेबांनी स्क्रीनकडे न बघता खिडकीतल्या बाईंकडे बघत दाखला उघडला आणि जन्मतारीख विचारली.

यावर माझं आणि माझ्या एका जोडीदाराचं अजून वाजतंय. तो म्हणतो, तू त्यांना जुन्या सवयीत बांधून ठेवलंस, फोल्डरांची रचना शिकवायला पाहिजे होती, उद्या ते रिटायर झाले की नवीन माणसाला हे काही कळणार नाही. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण ती रचना भाऊसाहेबांना ठाऊक नाही असं मला वाटत नाही. कुठलं काम रोजचं, कुठलं जोखमीचं, कशाशेजारी काय लागतं हे सगळं त्या मांडणीत होतं आणि ती कुणी नेमलेल्या तज्ज्ञापेक्षा सरस होती. नवीन माणूस आला तर मी त्याला आधी तो स्क्रीनच दाखवीन.

एक शॉर्टकट मात्र माझ्याच्याने झाला नाही. "जुने दाखले" नावाचा. त्याचा पाथ डी वर नव्हता, सी ड्राइव्हच्या डॉक्युमेंट्समध्ये होता. त्यात जुन्या जनरल रजिस्टरच्या पानांचे फोटो होते, भाऊसाहेबांनी सुट्टीच्या दिवसांत स्वतः बसून काढलेले. कागदी रजिस्टर कपाटात आहे, पण पानं हात लावला की तुकडे पडतील अशी. डिस्क फिरती होती, एसएसडी नव्हती, म्हणून आशा होती. मशीन बंद करून डिस्क काढली आणि फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं टूल चालवलं, सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर. फोटो निघाले, सगळे नाहीत, जिथं नवीन सिस्टीम लिहिली गेली तिथले कायमचे गेले. जे आले ते एफ आणि पुढे सेक्टरचा आकडा अशा नावांनी, कुठलं पान कुठलं काही कळत नाही, शिवाय शाळेच्या स्नेहसंमेलनाचे आणि नेटवरून आलेले चित्रविचित्र फोटो त्यातच मिसळलेले.

त्या ढिगाला मी "लावायचे दाखले" असं नाव देऊन भाऊसाहेबांनी सांगितलेल्या जागीच, बोनाफाईडच्या शेजारी, लाँचर करून दिला. शाळा सुटल्यावर ते थोडा वेळ बसतात, फोटो उघडून रजिस्टर क्रमांक वाचतात आणि फाइलीला तो क्रमांक देतात. परवा फोन करून विचारत होते, एका पानावर पाच-सहा पोरांच्या नोंदी आहेत, तर नाव पहिल्या क्रमांकाचं द्यायचं की पहिला आणि शेवटचा दोन्ही. मी म्हटलं दोन्ही द्या, मधे डॅश टाका, म्हणजे शोधताना बरं पडेल. ज्या क्रमांकांची पानं निघालीच नाहीत त्यांची यादी ते वेगळी करतायत, ती हातात आली की कपाटातलं रजिस्टर काढून तेवढ्याच पानांचे फोटो पुन्हा काढायचे ठरलंय.