गागिक नावाचे राजे : वान ते कार्स

तुर्कस्तानच्या पूर्व भागात फिरताना गागिक या नावाच्या मध्ययुगीन आर्मेनियन राजांची गल्लत टाळायची, तर घराणे आणि राजधानी दोन्ही लक्षात ठेवावी लागतात. वान सरोवरातल्या अख्तमार बेटाकडे नाव निघाली, तेव्हा आम्ही वास्पुराकानच्या, म्हणजे वान सरोवराभोवतीच्या आर्मेनियन राज्याच्या, गागिक आर्त्सरुनीला भेटायला चाललो होतो. त्याला 908 मध्ये अझरबैजानचा अमीर युसूफ याने राजमुकुट दिला, तोही सख्खा मामा स्म्बात बाग्रातुनी आर्मेनियाच्या गादीवर असताना. पुढे युसूफनेच स्म्बातला हालहाल करून मारले. या पार्श्वभूमीवर, वास्तुविशारद मानुएलने 915 ते 921 या काळात बांधलेल्या पवित्र क्रूसाच्या चर्चची पश्चिम भिंत पाहताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले. तिथे ख्रिस्ताला चर्चची प्रतिकृती अर्पण करणारा गागिक कोरलेला आहे. त्याच्या झग्यावर वर्तुळांत पक्षी आहेत आणि डोक्यामागे तेजोवलय; नम्रता फारशी दिसत नाही.

दुसरा गागिक बाग्रातुनी घराण्याचा, त्याची राजधानी आनी. कार्सहून गवताळ पठारावरून गाडी आनीच्या तटबंदीपाशी पोहोचते. पलीकडे अखुर्यान नदीची घळ आणि आजच्या आर्मेनियाची हद्द. हा गागिक 989 मध्ये गादीवर आला. त्रदात या वास्तुविशारदाचे कॅथेड्रल त्याची राणी कात्रानिदे हिने 1001 मध्ये पूर्ण करून घेतले. घुमट कोसळला असला तरी आतले उंच, जुडग्यासारखे खांब अजून दृष्टी वर खेचतात. स्वतः गागिकने मात्र सातव्या शतकातल्या झ्वार्त्नोत्स या आर्मेनियन चर्चच्या धर्तीवर संत ग्रेगरीचे वर्तुळाकार चर्च उभारले, ते फार काळ टिकले नाही. आज तिथे पाया आणि खांबांची बुडखी तेवढी दिसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ निकोलाय मार यांना इथल्या उत्खननात राजाचा दोन मीटरहून उंच पुतळा सापडला होता. पुढे तो नाहीसा झाला; पण छायाचित्रांतला राजा भला मोठा फेटा बांधून चर्चची प्रतिकृती हाती धरून उभा आहे. ख्रिस्ती राजाचा हा पेहराव मुसलमानी दरबारांच्या वळणाचा, पण मला त्याचे नवल वाटले नाही. दख्खनी सुलतानांच्या पदरी असलेल्या मराठा सरदारांचा पोशाखही त्या दरबारांना धरूनच असे.

त्याचा नातू दुसरा गागिक याला बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राटाने कॉन्स्टँटिनोपलला बोलावून अडकवले. 1045 मध्ये आनी गेले आणि बदल्यात त्याला मध्य अनातोलियातल्या कप्पादोकियात जहागीर मिळाली. पण बायझंटियमलाही आनी राखता आले नाही. 1064 मध्ये ते सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने घेतले.

त्या धक्क्याने कार्सच्या गागिक-अबासनेही आपले राज्य बायझंटियमच्या हवाली केले आणि तो बायझंटाईन मुलखातल्या त्सामान्दोसला निघून गेला. त्याच्या गॉस्पेलच्या हस्तलिखितातले चित्र जेरुसलेममध्ये आहे : राजा, राणी आणि कन्या मारेम गालिच्यावर मांडी घालून बसली आहेत. कार्समध्ये मात्र मला पाहता आले ते दहाव्या शतकातले बारा प्रेषितांचे चर्च. त्याची आता मशीद झाली आहे. नमाज आटोपल्यावर आत जाऊ दिले.