कुणाचा झाला?

रविवार, रात्रीचे पावणेअकरा.

आज गलका झाला आणि तो कुणाचा, हे मला कळलं नाही. एवढीच गोष्ट. पण पाच वाजल्यापासून डोक्यातनं जात नाही, म्हणून लिहून काढतोय.

डॉक्टरांनी महिनाभर पायऱ्या चढायच्या नाहीत म्हणून सांगितलंय, आणि कोल्हापूरचं शाहू स्टेडियम म्हणजे पायऱ्याच. दहावीत होतो तेव्हापासून अशा फुटबॉल मॅचला मी घरात बसलेलो नाही. समोर कोण होतं ते लिहायची गरज नाही. संज्या गेला, भावड्या गेला. माझ्या जागेवर कोण बसलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी आबांच्या खाटेवर, पायाखाली दोन उशा, हातात मोबाईल.

मोबाईलवर मॅच दिसते, पण ती शिळी असते. अर्धा-पाऊण मिनिट मागं. स्टेडियम आमच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर नसलं तरी आरोळीच्या अंतरावर नक्की आहे. आवाज सेकंदाला ३४० मीटर पळतो म्हणतात, म्हणजे तिथला गलका दोन-तीन सेकंदांत मंगळवार पेठेत. त्यामुळं इकडं स्क्रीनवर गोली बूट बांधतोय आणि तिकडं खिडकीतनं उत्तर येऊन पडलेलं. पेपर फुटल्यासारखं.

तर असाच पाचच्या सुमाराला गलका उठला. मोठा. मी मोबाईल छातीवर पालथा घातला आणि कान दिला. आणि काही नाही. आपला की त्यांचा, पत्ताच लागेना.

हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण पेठेत वाढलेल्याला हे यायलाच पाहिजे. आपला गोल झाला की आधी एक क्षण सगळं गप्प होतं, श्वास ओढल्यासारखं, आणि मग एकदम फुटतं, त्याच्या मागनं हलगी. त्यांचा झाला की आवाज लांबनं घरंगळत येतो आणि त्यात आपल्या बाजूच्या शिट्ट्या मिसळलेल्या असतात. स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. तळं बुजलं, पण खड्ड्याचा गुण गेला नाही, आवाज वाडग्यातनं उचलल्यासारखा वर येतो, असं आबा म्हणायचे. शास्त्र किती आहे त्यात ते सोडा. शेवटच्या सीझनला ते याच खाटेवर होते. डोळे मिटलेले. गलका झाला की नुसतं म्हणायचे, "आपला." नाहीतर, "त्यांचा." मी धापा टाकत घरी येऊन स्कोअर सांगायला लागलो की हात वर करायचे, माहीत आहे म्हणून. एकदाही चुकले नाहीत.

जाऊ दे ते.

मग मी स्वतःची समजूत घालायला लागलो. म्हटलं, माझ्या कानाचा दोष नाही, आता आवाजच सगळे सारखे झालेत. पूर्वी टीम म्हणजे गल्लीतली पोरं. बॅकला खेळणारा तालमीत जोर काढायचा, त्याची आई आमच्याकडं हळदीकुंकवाला यायची. आता सीझन आला की गोव्यातनं येतात, नायजेरियातनं येतात. मी याच्या विरोधात होतो, कट्ट्यावर भांडलोयसुद्धा. पण मागं एकदा तिकटीवर वडापावच्या गाड्याजवळ आमचा एक सहा फुटी परदेशी स्ट्रायकर भेटला. मिरची मागून घेतली आणि गाडीवाल्याला म्हणाला, "भावा, अजून एक." संपला माझा विरोध. म्हणजे हे कारणही टिकत नाही.

खरं तर नुसतं नाव कोल्हापूर असून भागत नाही, हे मला २०२३ ला कळलं. क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगचं ते पहिलं वर्ष. कोल्हापूर टस्कर्स, कॅप्टन केदार जाधव, टीम थेट फायनलला. समोर रत्नागिरी जेट्स. पावसानं फायनल पुरी झाली नाही आणि गुणतक्त्यात वर होते म्हणून कप रत्नागिरीला गेला. पाऊस पडून कोकणाला कप! दुसरी कुठली टीम असती तर मी आठवडाभर धुमसलो असतो. पण मी जेवलो, बडीशेप खाल्ली आणि झोपलो. मॅच इथनं अडीचशे किलोमीटरवर, पुण्याजवळ गहुंज्याला. आवाज येणार कुठनं? खेळाडू वाईट नव्हते, हारही लाजिरवाणी नव्हती. पण ज्या टीमच्या हारेनं दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडं तोंड चुकवावं लागत नाही, ती टीम आपली कशी?

अनिकेत जाधवची गोष्ट वेगळी. २०१७ ला सतरा वर्षांखालचा फुटबॉल वर्ल्डकप दिल्लीत खेळला आपला पोरगा. भारत तिन्ही मॅच हरला, अमेरिकेकडनं, कोलंबियाकडनं, घानाकडनं. तरी त्या आठवड्यात पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, सगळ्या टीमवाले एका टीव्हीसमोर होते, आणि बॉल त्याच्याकडं गेला की एकच आवाज. तेव्हा ओळखायचा प्रश्नच नव्हता. पण ते आठवड्यापुरतं. पुढं पुन्हा आपली पेठ, आपली ईर्षा.

आणि आमच्या पीटीएमचं, म्हणजे पाटाकडील तालमीचं, काय सांगू. एक गोल झाला की सगळ्यांना दुसरा मारायचा असतो, मागचं दार सताड उघडं. दरवर्षी हेच बोलतो आणि दरवर्षी पहिल्या मॅचला पुढारीची घडी घेऊन सगळ्यात आधी जाऊन बसतो. वाचायला नव्हे, बुडाखाली. मार्चपासनं ते सिमेंट तव्यासारखं तापतं.

हां, तर आजचा गलका.

अर्धा मिनिट मी मोबाईल सुलटा केलाच नाही. भीती हारायची नव्हती. आपण आत्ता पाहिलं आणि मग कळलं, तर आपण मोबाईलवर मॅच बघणारे झालो. पुण्यात बसून आमचं पोरगं बघतं तसं. त्याला मी काय काय बोललोय ते आठवलं. आज मी त्याच खाटेवर, तीच खिडकी, आणि आबांचा कान काही वारसाहक्कात आला नाही. घर तेवढं आलं, त्याची पण घरफाळ्याची थकबाकी धरून.

शेवटी संज्याला फोन लावला. मागं नुसता दंगा.

"कुणाचा झाला रे?"

"कुणाचा काय? बार! बार लागला गड्या! वरचा!"

मोबाईल सुलटा केला. तिथं आत्ता कुठं कॉर्नर घेत होते. बॉल आला, आमच्या पोराचं डोकं, गोलचा वरचा बार, आणि बाहेर. आमच्यांनी 'गेला' म्हणून आरोळी ठोकलेली आणि त्यांनी 'वाचलो' म्हणून. दोन्ही बाजू एकाच वेळी. म्हणजे तो गलका कुणाचाच नव्हता! कान ठणठणीत आहेत माझे. इतकं बरं वाटलं की हिनं ठेवलेल्या भडंगाचा पहिला घास तेव्हा खाल्ला, तोवर ते मऊ पडलेलं.

आणि दुसऱ्याच घासाला आठवलं. आबा एकदा तिसरंच काहीतरी म्हणाले होते. गलका झाला, मी खाटेशी उभा होतो, आणि ते डोळे न उघडता म्हणाले, "बार."

भडंग खाली ठेवलं.

पुढं दहा मिनिटांत पुन्हा गलका. मी यावेळी तयारीत. डोळे मिटले, श्वास धरला, पहिला क्षण गप्प होतोय का ते मोजायला लागलो. तेवढ्यात आतनं, भाकरी थापता थापता, मागं वळूनसुद्धा न बघता ही म्हणाली, "त्यांचा झाला."

त्यांचाच झाला होता.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बाई एकदाही स्टेडियमवर आलेली नाही. ऑफसाईड म्हणजे काय विचाराल तर तुमच्याकडंच बघत बसेल. मी लंगडत स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"तुला कसं कळलं?"

"ह्यात काय कळायचंय? मी रोज इथंच असतो की." (आमच्याकडं बायका असतो, जातो, करतोच म्हणतात.) "आपला झाला की खालची पोरं वरडत गल्लीतनं पळतात आन् कुत्री भुंकायला लागतात. आता भुंकली का?"

नव्हती भुंकली.

एकानं गेली आज. संज्याचा अजून फोन नाही, म्हणजे तिकटीवर भांडण चालू असणार, मागचं दार कुणी उघडं ठेवलं यावर. गुडघा ठणकतोय. खाली बोळात दोन कुत्री पडलीयत, एक पांढरं, एक कान फाटलेलं. पुढच्या रविवारी खिडकी पूर्ण उघडी ठेवायची, आणि यातलं आधी कुठलं भुंकतं ते बघायचं.