गणपती बघायला पुण्याला जायचं तर वार बघून जा

२०२५ च्या गणेशोत्सवात आईला घेऊन पुण्याचे गणपती करून आले आणि इतकं निवांत दर्शन होईल असं खरंच वाटलं नव्हतं. मंगळवारी गौरी गेल्या होत्या, शुक्रवारी ईदची सुट्टी होती, शनिवारी अनंत चतुर्दशी, म्हणजे शुक्रवारपासून शहरात पाय ठेवायला जागा नसणार, म्हणून मुद्दाम मधला बुधवार धरला आणि ऑफिसात रजा टाकली. साताऱ्याहून पहाटेची एसटी, स्वारगेटला उतरलं की खालीच मेट्रो, पुढचंच स्टेशन मंडई. आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी ही मेट्रो म्हणजे फार मोठी सोय आहे. मंडईचा शारदा-गजानन झोपाळ्यावर बसलेला, आई हात जोडून बघतच राहिली, मागून कुणी ढकलत नव्हतं की पुढे चला पुढे चला करत नव्हतं. मग तुळशीबाग, जोगेश्वरी, आणि हळूहळू चालत कसबा, खरं तर मानाचा पहिला म्हणून आधी कसबाच करायचा, पण आई म्हणाली अगं देव काय रागावतो का.

संध्याकाळची रोषणाई नाही दिसली हे आहेच. पण लक्ष्मी रोड, शिवाजी रोड संध्याकाळी गाड्यांना बंद होतात आणि त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात हो. घरात वयस्कर कुणी असेल तर सुट्टी सोडून मधला वार घ्या आणि सकाळी दहाच्या आत पोचा.